टिल्लूची पाठ : इंदूरच्या एका डॅशहाउंडचं पूर्ण प्रकरण

आधी पेशंटची माहिती. नाव टिल्लू, जात डॅशहाउंड, नर, वय साडेपाच वर्षं, वजन त्या वेळी साडेअकरा किलो, असायला हवं होतं नऊच्या आसपास. मुक्काम रामबाग, इंदूर, माझ्या मावशीकडे. घरात मावशी, काका आणि आजी, वरच्या मजल्यावर मी. लसी सगळ्या वेळेवर, आधीचा आजार काहीच नाही. सवयी म्हणाल तर बेल वाजली की सोफ्यावरून उडी मारून गेटपर्यंत सुसाट पळणं, आणि सकाळी काकांच्या बशीतले पोहे वरच्या शेवेसकट.

एवढं सविस्तर लिहितेय कारण आपल्याकडे हल्ली फ्लॅटमधे मावतो म्हणून डॅशहाउंड घेणारे खूप झालेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी टिल्लूला झालेल्या या आजाराचं, मणक्यांमधली गादी (डिस्क) फुटण्याचं, नावही ऐकलेलं नसतं. आणि अजून एक कारण, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कुत्रं ओरडत असतं तेव्हा सगळं घर आपसूक धावतं. खरी कसोटी त्याला बरं वाटायला लागल्यावर सुरू होते, आणि त्याबद्दल आधी कोणी सांगत नाही.

तर रंगपंचमीची आदली संध्याकाळ. काका बाहेरून आले आणि टिल्लू गेटवर गेलाच नाही. जागेवरच उभा, पाठीला बाक आलेला, मान खाली, शेपूट आत. मावशीने हाक मारली तर नुसते डोळे फिरवले, मान नाही वळवली. पोळी हुंगून सोडून दिली. आजी म्हणाली, "अगं, ह्याला काहीतरी दुखतंय, बघ कसा थरथरतोय." थंडी नव्हतीच, मार्च होता. पोटाला हात लावला तर पोट एकदम कडक. सणाचे दिवस, घरात गुजिया-शेव-चिवडा सगळं उघड्यावर, त्यामुळे सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं की ह्याचं पोट बिघडलंय.

रात्री जे क्लिनिक उघडं होतं तिथे नेलं. तिथेही पोट दाबून बघितलं, कडक लागलं, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि सोबत अजून एक, ते कशाचं ते सांगितलं नाही. टिल्लू तीन-चार तास झोपला. त्या डॉक्टरांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, कारण पाठीचं दुखणं पोटाचं वाटणं हे या आजारात फारच कॉमन आहे. मणका हलला की कळ येते म्हणून कुत्रं पोटाचे स्नायू आवळून धरतं, आणि बाहेरून दाबणाऱ्याला पोट कडक लागतं. एक खूण मात्र घरातल्या माणसालाही दिसू शकते. नुसतं पोट बिघडलेलं कुत्रं बहुधा उलटी-जुलाब करतं, ओठ चाटतं, गवत शोधतं. टिल्लूला यातलं काही नव्हतं. त्याला जे नको होतं ते म्हणजे हलणं, उचलून घेणं आणि मान वळवणं.

पहाटे काकांनी त्याला नेहमीसारखं पुढच्या पायांखाली हात घालून उचललं आणि तो जो किंचाळला, मी वरच्या मजल्यावर झोपले होते, मला वाटलं बाहेर कुठलं तरी कुत्रं गाडीखाली आलं. धावत खाली आले तर काका भिंतीला टेकून बसलेले, टिल्लू जमिनीवर, धापा टाकतोय, आणि मावशी दोघांकडे बघत नुसती उभी.

आता रंगपंचमी म्हणजे इंदुरात काय असतं ते इंदूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. शहराला सुट्टी, राजवाड्याच्या बाजूला गेर म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, लाखो माणसं रस्त्यावर, टँकरने रंग उडतो, आणि तो सगळा भाग गाड्यांना बंद. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं क्लिनिक पलासियाला आणि तेही बंद. फोन लावला, त्यांनी पहिल्या रिंगला उचलला आणि सगळ्यात आधी काय म्हणाले तर, "इंसान वाली कोई गोली दी तो नहीं?" दिली नव्हती, पण आजीची गुडघ्याची गोळी मावशीच्या हातात होती, अर्धी द्यायचा विचार चालला होता. इथे थांबून सांगते, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनीला धक्का बसतो, आणि छोट्या कुत्र्याला थोडीशीसुद्धा जास्त होते. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला तर आपल्याकडे २००६ पासून बंदी आहे, ती गिधाडं मरत होती म्हणून आली, पण माणसांची गोळी घराघरात असतेच.

डॉक्टर म्हणाले मी क्लिनिक उघडतो, तुम्ही या, पण कडेवर घेऊन येऊ नका, सपाट फळीवर आणा. फळी कुठून आणायची? काकांनी माळ्यावरचा कॅरमबोर्ड काढला, त्यावर चादर घातली, टिल्लूला एक हात छातीखाली आणि एक हात कमरेखाली असं पाठ सरळ ठेवून वर सरकवला, आणि दोन बाजूंनी दोघं धरून मागच्या सीटवर. अशा पेशंटला न्यायची हीच बरोबर पद्धत आहे, फळी कुठलीही चालते. गेर सुरू व्हायच्या आत आम्ही लांबच्या रस्त्याने बाहेर पडलो.

क्लिनिकमधे जे बघितलं ते नीट सांगते. डॉक्टरांनी पोटाला हातच लावला नाही आधी. मानेपासून शेपटीकडे मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं हळूहळू दाबत गेले, आणि शेवटच्या बरगडीच्या जरा मागे आले तशी टिल्लूची कातडी थरारली आणि त्याने वळून हात तोंडात धरला, चावला नाही, नुसता धरला. मग त्याला उभं करून पोटाखाली आधार दिला आणि मागचा एक पंजा उलटा केला, म्हणजे पंजाची वरची बाजू टेबलाला टेकेल असा. धड कुत्रं असा पंजा लगेच सरळ करतं, त्याला ते उलटं टेकणं कळतं. टिल्लूने डावा लगेच फिरवला. उजवा तसाच राहिला, आम्ही सगळे त्या पंजाकडे बघतोय, आणि मग सावकाश, आठवल्यासारखा, त्याने तो सरळ केला. डॉक्टर म्हणाले, "पेट नहीं है, पीठ है. डिस्क."

या आजाराला आयव्हीडीडी म्हणतात, दोन मणक्यांमधल्या गादीचा आजार. मला डॉक्टरांनी समजावलं आणि मी आजीला असं समजावलं की गादीच्या आत भिजलेल्या साबुदाण्यासारखा मऊ गर असतो, तो धक्के झेलतो. डॅशहाउंडमधे तो लहानपणीच वाळून परत कडक व्हायला लागतो, कधीकधी वर्षाच्या आतच, मग एक दिवस बाहेरचं कवच फाटतं आणि तो कडक गर वर पाठीच्या नसेवर, म्हणजे मज्जारज्जूवर, जाऊन आदळतो. स्वीडनच्या हान्सेन नावाच्या संशोधकाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला याचे दोन प्रकार मांडले, त्यातला अचानक फुटणारा तो पहिला. आणि २०१७ मधे हेही सापडलं की आखूड पाय देणाऱ्या एका जनुकाच्या जादा प्रतीचाच या गाद्या वाळण्याशी संबंध आहे. म्हणजे ज्या पायांमुळे तो गोंडस दिसतो त्याच मुळातून हा आजार येतो. दर चार-पाच डॅशहाउंडांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुतेक वेळा तीन ते सात या वयात. त्यामुळे "सोफ्यावरून उडी मारली म्हणून झालं" असं म्हणून काका जे स्वतःला खात होते त्याला काही अर्थ नव्हता. उडी निमित्त असेल, गादी आधीच गेलेली असते. हे मी त्यांना कितीदा सांगितलं असेल देव जाणे.

डॉक्टर पायऱ्या मोजतात. पहिली, नुसतं दुखणं. दुसरी, चालतो पण मागचे पाय लडखडतात. तिसरी, पाय हलतात पण उभं राहता येत नाही. चौथी, मागचे पाय पूर्ण गेले पण जोरात चिमटा काढला तर कळतं. पाचवी, तेही कळत नाही. टिल्लू पहिली आणि दुसरीच्या मधे होता. एक्सरे काढला, त्यात दोन मणक्यांमधली एक फट जरा कमी दिसली, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की एक्सरेत नस दिसत नाही, नक्की काय आणि किती ते एमआरआयच सांगेल, आणि ऑपरेशन करायचं असेल तरच आत्ता एमआरआयची गरज.

मग औषधाचा प्रश्न आला आणि तिथे गाडी अडली. डॉक्टरांना सूज उतरवणारं मेलॉक्सिकॅम सुरू करायचं होतं, पण काल रात्रीचं ते दुसरं इंजेक्शन कशाचं? स्टेरॉइड असेल तर त्यावर लगेच मेलॉक्सिकॅम देणं धोक्याचं, दोन्ही मिळून आतड्याला भोक पडेपर्यंत जाऊ शकतं. मी रात्रीच्या क्लिनिकला फोन करकरून शेवटी नाव काढलं, डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच. झालं, मेलॉक्सिकॅम काही दिवस पुढे गेलं आणि तोवर गॅबापेंटिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध) आणि अफूच्या जातीचं दुखण्याचं इंजेक्शन यावर भागवायचं ठरलं. (२०२२ मधे अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने जो सल्ला काढला त्यात अशा अचानक फुटलेल्या गादीसाठी स्टेरॉइड नेहमीचा उपाय म्हणून देऊ नका असंच म्हटलंय.) माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे, क्लिनिकमधून निघताना प्रत्येक इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून मागा, लाजू नका, पुढच्या डॉक्टरचा अर्धा निर्णय त्यावर असतो.

त्या संध्याकाळी टिल्लू पाणी प्यायला उठला आणि मागचा भाग एका बाजूला कलंडला. उजवा पंजा फरशीवर घासत चालला. आता पक्की दुसरी पायरी. घरात एकदम शांतता. फोनवर डॉक्टरांनी काकांना तीन गोष्टी दर काही तासांनी बघायला सांगितल्या : स्वतः उभा राहतो का, लघवी धार धरून होते का नुसती गळते, आणि बोटांमधे जोरात चिमटा काढल्यावर वळून बघतो का. यातली शेवटची बऱ्याच जणांची फसते. चिमटा काढल्यावर पाय मागे खेचला म्हणजे कळलं असं नाही, पाय तर पाठीच्या नसेतून आपोआप खेचला जातो, डोक्यापर्यंत निरोप न जाताही. कुत्र्याने वळून बघायला हवं, ओरडायला हवं, हात चाटायला हवा. टिल्लू वळून बघत होता.

पाय पूर्ण गेले तर काय हेही त्याच रात्री ठरवलं, कारण नंतर ठरवायला वेळ नसतो. चिमटा कळत असताना ऑपरेशन झालं तर बहुतेक कुत्री परत चालतात. चिमटा कळेनासा झाल्यावर ते प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, आणि त्यातल्या काही कुत्र्यांची नस पुढच्या काही दिवसांत दुखऱ्या जागेपासून वर मानेकडे मरत जाते, त्याला मग इलाज नाही. आम्हाला ऑपरेशनसाठी मुंबई सुचवली होती आणि खर्च लाखाच्या वर सांगितला होता. काका रिटायर्ड आहेत. मावशी म्हणाली, "माझ्या बांगड्या कशासाठी आहेत?" आजी काही बोलली नाही, आत जाऊन तिच्या एफडीची पावती आणून टेबलावर ठेवली. मी बघत राहिले. नातेवाइकांपैकी एकांनी फोनवर सांगितलं, "कशाला हाल करता, सोडवा त्याला." वाईट हेतूने नव्हतं ते, पण त्या क्षणी टिल्लू चालत होता, लघवी करत होता, औषधाने झोपत होता, त्याला सोडवायचं काही कारणच नव्हतं. नस मरत चाललेल्या कुत्र्याला शांतपणे जाऊ देणं ही मायाच आहे, मी त्याच्या अजिबात विरोधात नाही. पण आपल्याला बघवत नाही आणि त्याला सोसवत नाही या दोन गोष्टी आधी वेगळ्या करायला हव्यात.

त्यासाठी वहीचा फार उपयोग झाला. दुखणं मोजायला ग्लासगोच्या लोकांनी बनवलेला एक तक्ता असतो, कण्हतोय का, जखमेकडे बघतो का, उठतो कसा, हात लावल्यावर काय करतो, मूड कसा, असे मार्क, एकूण २४ पैकी, आणि ६ किंवा वर गेले तर औषध कमी पडतंय असं समजायचं. तो खरा दवाखान्यांसाठी आहे, आम्ही घरापुरता साधा केला. आजीला रात्री झोप येत नाहीच, ती वही घेऊन बसायची. तिच्या नोंदी अशा : "दोन वाजता. धाप. अंग ताठ. हात लावू दिला नाही." "चार वाजता. कूस बदलली, ओरडला नाही." या नोंदींवरून डॉक्टरांना कळलं की गॅबापेंटिनचा असर पहाटेच्या डोसच्या आधीच संपतोय, आणि त्यांनी वेळा बदलल्या. नुसतं "रात्रभर अस्वस्थ होता" सांगितलं असतं तर हे कळलं नसतं.

आता पिंजरा. खरा उपचार तोच, गोळ्या फक्त तो सहन होण्यापुरत्या. फाटलेलं कवच भरून यायला वेळ लागतो, कमीत कमी चार आठवडे हालचाल बंद, आमच्या डॉक्टरांनी सहा सांगितले. पिंजरा एवढाच की उभं राहता येईल, वळता येईल, पसरून झोपता येईल, बास. बाहेर फक्त शी-शूसाठी, उचलून अंगणात, अंगाला पट्टा आणि पोटाखालून काकांचा जुना पंचा घालून वर धरलेला म्हणजे मागचा भाग लडखडला तरी पडायचा नाही. घरातल्या चकचकीत टाइल्सवर अशा कुत्र्याचे पाय फाकतात म्हणून दारापर्यंत गोणपाट अंथरलं. पिंजरा आधी आतल्या खोलीत ठेवला होता, शांत म्हणून, पण तिथे तो एकटा रडायचा, मग हॉलमधे आजीच्या खुर्चीशेजारी आणला, आणि ती संध्याकाळी रामरक्षा म्हणायला लागली की तो डोकं पंजावर टेकून पडून राहायचा.

पहिला आठवडा दुखण्यात गेला. मेलॉक्सिकॅम सुरू झालं, दुसऱ्या आठवड्यात पाठीचा बाक गेला, भूक आली, पंजा पटकन सरळ व्हायला लागला. आणि इथून सगळं अवघड झालं. कारण आता पिंजऱ्यात आजारी कुत्रं नव्हतं, आता पिंजऱ्यात धडधाकट दिसणारा टिल्लू होता आणि तो गज चाटत, शेपूट हलवत काकांकडे बघायचा. काकांना ते बघवेना. "अगं बघ की, बरा झालाय तो, अर्धा तास सोडला तर काय होतंय?" मावशी नाही म्हणायची, मग दोघांत कडाक्याचं. तीस वर्षांच्या संसारात इतकी भांडणं झाली नसतील. बरं वाटतंय ते गोळीमुळे आणि सूज उतरल्यामुळे, कवच अजून भरलेलं नाही, हे डोक्याला पटतं पण ते डोळे समोर असताना हात कडीकडे जातोच.

आणि एक दिवस तसं झालंच. पाहुणे आले होते, पाणी द्यायला कडी काढली, तेवढ्यात बेल वाजली आणि टिल्लू सुटला, थेट गेटवर, रस्त्यावरच्या कुत्र्यांवर भुंकला, वळला आणि ओरडून खाली बसला. पाय शाबूत होते पण दुखणं परत पहिल्या दिवसासारखं, आणि डॉक्टरांनी आठवडे परत एकपासून मोजायला लावले. काका दोन दिवस जेवले नाहीत नीट. कोणाचीच चूक धरण्यात अर्थ नव्हता, व्यवस्थाच कच्ची होती, म्हणून व्यवस्था बदलली. बेलचं कनेक्शन काढून टाकलं, पिंजऱ्याच्या कडीला कुलूप आणि किल्ली फक्त मावशीकडे. आणि काकांना असं काम दिलं ज्यात त्याला सोडावं लागत नाही पण प्रेम करता येतं : रोज सकाळी त्याचं खाणं बोटाएवढे तुकडे करून लपवून द्यायचं, मळलेल्या टॉवेलच्या घड्यांत, कागदी पुड्यांत, म्हणजे तो बसल्या जागी शोधत राहील. डोकं दमलं की अंगही शांत राहतं. काका यात इतके रमले की पुड्या बांधायला आदल्या रात्रीच बसायचे.

एप्रिलमधे ऊन वाढलं, चाळीसच्या वर, आणि नवा घोळ : धाप दुखण्याची का गरमीची? कूलर पिंजऱ्याकडे वळवला, अर्ध्या तासात थांबली तर गरमी. नाही थांबली तर वहीत मार्क. साधं आहे पण यामुळे रात्रीचे घाबरून केलेले फोन बरेच कमी झाले.

वजनावरही काम झालं. पोहे, शेव, तुपाची पोळी बंद, मोजून खाणं, आणि पाहुण्यांच्या बशीवर आजीची नजर. पावसाळ्यापर्यंत तो साडेनऊवर आला. सहा आठवडे पूर्ण झाल्यावरही एकदम मोकळा नाही सोडला, आधी पट्ट्यावर पाच मिनिटं सपाट जागेत, दर आठवड्याला थोडं वाढवत. इंदूरजवळच्या महूच्या व्हेटरनरी कॉलेजात एकदा दाखवून आणलं, त्यांनीही हेच पुढे चालू ठेवा म्हटलं.

आज टिल्लू चालतो, दुडक्या चालीने पळतोही. उजवा पंजा दमल्यावर किंचित घासतो, नखं एका बाजूने झिजतात त्यावरून कळतं. गळ्यातला पट्टा कायमचा गेला, आता छातीचा हार्नेस. सोफ्याला उतार लावलाय, जिन्याला जाळीचं दार.

परत होणार नाही असं कोणी सांगू शकत नाही, औषधावर बऱ्या झालेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना, साधारण तिघांतल्या एकाला, हे उलटतं, कधी त्याच गादीत कधी शेजारच्या. म्हणून फ्रिजवर एक कागद लावलाय, मावशीच्या अक्षरात : नुसतं दुखलं तर पिंजरा आणि डॉक्टरांना फोन, मनाने गोळी नाही. लडखडला तर त्याच दिवशी तपासणी. उभा राहिला नाही तर कॅरमबोर्ड, गाडी, मुंबई, रात्र असली तरी. खाली मुंबईच्या सर्जनचा नंबर, रात्रभर गाडी चालवायला तयार असलेल्या शेजारच्या मुलाचा नंबर, आणि आजीच्या एफडीचा नंबर, ती तिने मोडू दिली नाही आणि दुसऱ्या कशासाठी वापरूही दिलेली नाही.